पाठीवरचा एवढासा पर

हिल्सबरो-बीव्हर्टनच्या मराठी घरांमध्ये एक सहल जवळजवळ ठरलेली असते. भारतातून आई-बाबा आले की हायवे ६ पकडायचा, कोस्ट रेंजचे डोंगर ओलांडायचे आणि टिलामुकच्या चीज फॅक्टरीत जाऊन आईस्क्रीम खायचं. त्या रस्त्याला बराच वेळ एक नदी सोबत करते. तिचं नाव विल्सन. उन्हाळ्यात ती साधीच वाटते. पण जानेवारी-फेब्रुवारीत, पाऊस जरा ओसरल्यावर गेलात, तर तिच्यावर एक विचित्र आकाराची होडी दिसेल. दोन्ही टोकं वर उचललेली, मधे एक जण वल्ही धरून बसलेला, त्याच्या पुढ्यात रेनकोट घातलेले दोघं, आणि तिघंही गप्प.

अशा होडीत शनिवार घालवलेला एखादा सहकारी सोमवारी ऑफिसात सांगतो, "दिवसभरात एकच स्टीलहेड लागला. सोडून दिला. पण काय दिवस होता!" आपण मान डोलावतो आणि मनात म्हणतो, आठ तास थंडीत कुडकुडून एक मासा, तोही सोडला, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय? पॉडकास्टमध्ये हा विषय ओझरता आला होता. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर आधी मासा, मग होडी आणि मग माशाच्या पाठीवरचा बोटाच्या पेराएवढा एक पर (पर म्हणजे माशाचा पंख), अशा क्रमाने जावं लागेल.

मासा म्हणाल तर तुम्ही तो बहुधा खाल्लेला आहे. काश्मीर-हिमाचलात हॉटेलात मिळणारा रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही एकच जात. शास्त्रीय नाव ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. फरक आयुष्यातला आहे. जो नदीतच राहिला तो रेनबो ट्राउट, जो समुद्रात जाऊन परत आला तो स्टीलहेड. पिल्लू साधारण एक ते तीन वर्षं नदीत वाढतं. मग त्यातल्या काहींचं अंग चंदेरी होतं, खारं पाणी सोसता यावं म्हणून कल्ल्यांमधल्या पेशी बदलतात, आपल्या नदीचा वास डोक्यात पक्का होतो आणि ती प्रवाहाबरोबर खाली जातात. तिथून अलास्काचं आखात, कधी त्याच्याही पश्चिमेला. एक ते तीन वर्षं तिकडे खाऊन-पिऊन आठ-दहा पौंडांचा झालेला मासा वासाचा माग काढत बहुधा त्याच नदीत परत येतो. त्याचा नदीत राहिलेला भाऊ तेवढ्या काळात जेमतेम हातभर होतो.

कोण जाणार आणि कोण राहणार हे कसं ठरतं? पाचव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा काही माशांमध्ये उलटा बसलेला असतो आणि त्याचा या निवडीशी संबंध आहे, हे कॅलिफोर्नियातल्या माशांवरच्या संशोधनातून पुढे आलं. माद्या जास्त जातात, कारण मोठं शरीर म्हणजे जास्त अंडी. नराचं घरी राहूनही भागतं. पण नुसत्या जनुकांवर सगळं ठरत नाही. पाणी किती थंड, खायला किती, पिल्लू किती वेगाने वाढतंय, यावरही ठरतं. घरी राहिलेल्या आई-बापाची मुलं समुद्रात जातात आणि समुद्र पाहिलेल्यांची मुलं घरी राहतात. (इथे तुम्हाला स्वतःच्या घरातली उदाहरणं सुचत असतील तर तो दोष माझा नाही.)

याचा सगळ्यात सुंदर पुरावा शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीत मिळाला. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन धरणं बांधली गेली आणि वरच्या भागातले ट्राउट सुमारे शंभर वर्षं समुद्रापासून तुटले. २०११ ते २०१४ दरम्यान दोन्ही धरणं पाडली. त्यानंतर नदीत स्टीलहेड परत दिसू लागले, आणि जनुकीय तपासणीत कळलं की त्यातले बरेचसे धरणाच्या वर अडकलेल्या ट्राउटांचेच वंशज आहेत. शंभर वर्षं एकाही पिढीने समुद्र पाहिला नव्हता, तरी जायचं कसं हे शरीर विसरलं नव्हतं.

आता होडी. ड्रिफ्ट बोट हे ऑरेगनचंच अपत्य. युजीन शहराच्या पूर्वेला मॅकेन्झी नावाची खडकाळ, खळाळती नदी आहे. स्प्रिंगफील्डच्या वुडी हिंडमनसारख्या कारागिरांनी १९३०-४० च्या दशकांत तिच्यासाठी हा आकार घडवला. तळ सपाट, पण पुढून-मागून वर वळलेला, त्यामुळे होडीचा फारच थोडा भाग पाण्याला टेकतो आणि ती जागच्या जागी गर्रकन वळते. वितभर पाणी असलं तरी चालते.

खरी गंमत वल्हवण्यात आहे. साध्या होडीत वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. इथे उलट. तो तोंड खालच्या बाजूला करून बसतो, समोरचे खडक बघतो आणि वल्ही ओढतो ती प्रवाहाच्या विरुद्ध. म्हणजे ही वल्ही होडी पुढे न्यायला नसतात, ती ब्रेक असतात. नदी ताशी चार मैलांनी धावत असेल तर होडी दोननेच सरकते. हा वेगातला फरक हेच मासेमारीचं यंत्र. माशाच्या आकाराचं प्लॅस्टिकचं आमिष होडीच्या पुढे पन्नासेक फुटांवर सोडलेलं असतं. होडी थबकते, पाणी आमिषाला ढकलत राहतं, त्याच्या तोंडावरच्या पट्टीमुळे ते खाली बुडी मारतं आणि थरथरायला लागतं. मग वल्हेवाला एकेक फूट होडी खाली सोडतो आणि ते थरथरणारं आमिष मासा बसलाय त्या जागेकडे मागे मागे सरकत जातं. तळाशी बसलेला मासा ते चुकवत आधी जरा मागे हटतो, अजून हटतो, आणि डोहाचा शेवट आला की चावतो. थंडीतल्या स्टीलहेडला भूक फारशी नसते. तो समुद्रात साठवलेल्या चरबीवर जगत असतो. पण माशाला हात नसतात. अंगावर आलेली वस्तू हाकलायची तर तोंडानेच. पुढे बसलेल्या दोघांनी काहीच केलेलं नसतं. मासा पकडला वल्हेवाल्याने. हे पटलं की होडीतल्या गप्पपणाचा अर्थ लागतो.

दिवस कसा जातो ते थोडक्यात. आदल्या रात्री नदीच्या पातळीचा आलेख बघायचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाची मोजयंत्रं त्याचे आकडे दिवसरात्र देत असतात. पूर चढत असेल तर पाणी चहासारखं आणि मासेमारी बंद. उतरून पाणी पार नितळ झालं तर मासा लाजतो. मधली एक अवस्था असते, पाणी काचेच्या जुन्या बाटलीसारखं हिरवं असतं, दोन-चार फूट खोल दिसतं. लोक त्या रंगाची वाट बघत सुट्ट्या टाकतात. अंधारातच होडी पाण्यात टाकायची. गाडी आणि ट्रेलर वरच राहतात, म्हणून ते खालच्या उतारावर आणून ठेवायला कुणालातरी पैसे द्यायचे. (हा हिशेब पहिल्यांदा करताना सगळेच गोंधळतात. नदी परत वर आणून सोडत नाही.) मग डोह, खळाळ, डोह. आमिष बदलायचं, कधी सामनची गाबोळी गळाला लावून प्रवाहाबरोबर सोडायची. बोटं बधिर होतात. इथले लोक याला हजार फेकींचा मासा म्हणतात, आणि एकही मासा न लागता संपलेले दिवस लागलेल्या दिवसांपेक्षा पुष्कळ जास्त असतात.

आणि मग रॉड एकदम पाण्याकडे वाकतो. त्या क्षणाचं वर्णन मी करत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. दोर सुटतो, मासा पाण्याबाहेर उडी मारतो, पाय लटपटतात. दहा मिनिटांनी मासा होडीच्या कडेला येतो, वल्हेवाला जाळं त्याच्याखाली धरतो आणि तिघंही एकाच जागी बघतात. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मधे.

तिथे सामन-ट्राउट कुळातल्या माशांना एक छोटा, मऊ, बिनकाट्याचा मेदाचा पर असतो. हॅचरीत, म्हणजे सरकारी मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो पर लहानपणीच कापतात, ओळख म्हणून. पूर्वी तो निरुपयोगी समजत असत. २००४ सालच्या एका प्रयोगात मात्र पर कापलेल्या पिल्लांना पोहताना शेपटी थोडी जास्त हलवावी लागते असं दिसलं. तर आता, पर असेल तर मासा नदीत जन्मलेला. विल्सनवर तो सोडलाच पाहिजे. पर नसेल तर मासा हॅचरीचा. तो टॅगवर नोंदवून घरी नेता येतो.

आता माझ्या आजीने विचारला असता तो प्रश्न. सोडायचाच तर धरलास कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. थंड पाण्यात, उलटा काटा नसलेल्या गळाने, हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता सोडला तर बहुतेक जगतात, पण सगळे नाही. फोटोसाठी त्याला छातीशी धरून अर्धा मिनिट उभं राहणं म्हणजे धापा टाकणाऱ्याचं नाक दाबणं. मला विचाराल तर तो फोटो काढूच नये. मासा जाळ्यात, पाण्यातच असू द्यावा, वरून बघावा आणि सोडावा.

पण दोन माशांना दोन न्याय का, याला ठोस कारण आहे. ऑरेगनच्याच हूड नदीतल्या स्टीलहेडवर ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे माशांची नदीत यशस्वी प्रजननाची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २०१६ मध्ये त्याच नदीतल्या माशांवर दिसलं की नदीत जन्मलेल्यांची आणि हॅचरीतल्या पहिल्याच पिढीची तुलना केली, तर सातशेहून जास्त जनुकांचं काम वेगळं चाललेलं असतं. सिमेंटच्या टाकीत गर्दी सोसणारं, आयतं खाणं पटकन गिळणारं पिल्लू जगतं. नदीला त्या गुणांचा उपयोग नाही. विल्सनवर हॅचरीसाठी नदीतलेच मासे आई-बाप म्हणून वापरण्याचा कार्यक्रम आहे, तो याच अडचणीवरचा उपाय. पण हूड नदीच्या आकड्यांनंतर त्याच्यावर सगळं सोपवून निर्धास्त होता येत नाही.

म्हणजे पर असलेला सोडणं आणि पर नसलेला घरी नेणं ही दोन्ही एकाच बाजूची कामं आहेत. हॅचरीचा मासा वर राहिला तर नदीतल्या माशांशी जोडी जमवून पुढची पिढी कमकुवत करू शकतो. आणि नदीतला मासा एकदा अंडी घालून संपतोच असंही नाही. सामन अंडी घालून मरतात. स्टीलहेडमधले काही जगतात, वसंतात हडकुळे होऊन पुन्हा समुद्राकडे जातात आणि आणखी एकदा येतात. जाळ्यातली मादी दुसऱ्यांदा आलेली असू शकते.

हे सगळं दर वर्षी अधिक नाजूक होतंय. पुगेट साउंडचे स्टीलहेड २००७ पासून संघराज्याच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहेत. वॉशिंग्टन राज्याने डिसेंबर २०२० मध्ये ऑलिम्पिक द्वीपकल्पाच्या किनारी नद्यांवर तरंगत्या होडीतून गळ टाकायलाच बंदी केली. होडीने जा, पण गळ टाकायला उतरून पाण्यात उभे राहा. ऑरेगनच्या डेशूट्स नदीवर असा नियम आधीपासून आहे. कारण वर सांगितलंच. होडी इतकी चांगली चालते की माशाला लपायला जागा उरत नाही. तिकडच्या नद्यांवर मूळ रहिवासी जमातींचा हक्क आहे तो वेगळाच. १८५०च्या दशकातल्या करारांनुसार पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्मे त्यांचे, हे न्यायाधीश बोल्ट यांनी १९७४ मध्ये ठरवलं आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः कायम केलं. त्यात स्टीलहेडही येतो. शनिवारची हौस म्हणून गळ टाकणाऱ्याने हे माहीत करून घेतलेलं बरं.

तुम्हाला जायचं असेल तर होडी विकत घेऊ नका, परवानाधारक गाइड घ्या. लायसन्स आणि स्टीलहेडचा टॅग दोन्ही लागतात, आणि नियम बदलत असतात, म्हणून राज्याच्या मत्स्य विभागाची त्या वर्षाची पुस्तिका वाचून जा. हॅचरीचा मासा मिळालाच तर लगेच मारून त्याचं रक्त काढून टाका, नाहीतर मांसाला वास येतो. त्याचं मांस नारिंगी, सामनपेक्षा हलकं. आमच्याकडे त्याला कोकमाचं आगळ, हळद, तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तव्यावर टाकतात. साफ करताना पोट उघडाल तेव्हा जठर बहुधा रिकामं, आक्रसलेलं दिसेल. मादी असेल तर उरलेली सगळी जागा गाबोळीने भरलेली असेल.