कोंडलेल्या हवेचा हिशेब

सन १६६०. चाकणच्या संग्रामदुर्गाला शायिस्तेखानाच्या फौजेचा वेढा पडलेला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा हा लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवत होता. अखेर मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग लावला आणि बुरूज उडाला. दारू पेटताच तिचा धगधगता वायू झाला. त्याला पसरावयास जागा हवी होती, ती मिळेना, तेव्हा त्याने दगडमातीलाच बाजूस सारले. कोंडलेल्या वायूच्या अंगी केवढे बळ असते, हे चाकणने त्या दिवशी पाहिले.

योगायोग असा, की त्याच १६६० साली इंग्लंडात रॉबर्ट बॉइल याने हवेच्या अंगच्या 'स्प्रिंग'वर एक पुस्तक प्रसिद्ध केले. हवा दाबली की आकसते, सोडली की उसळते, असे त्याचे म्हणणे. लायनस नावाच्या एका पंडिताला ते पटेना. नळीतला पारा हवेच्या दाबाने नव्हे, तर एका अदृश्य दोरीने धरून ठेवलेला असतो, असा त्याचा दावा! बॉइलने उत्तरादाखल एक लांबलचक, खाली वाकवलेली काचेची नळी घेतली. तिचे आखूड टोक बंद, लांब टोक उघडे. पहिली नळी फुटली, पारा सांडला. दुसरी इतकी उंच, की प्रयोग जिन्यावर करावा लागला. वरून पारा ओतावयाचा आणि आखूड बाजूस कोंडलेल्या हवेने किती जागा व्यापली ते मोजावयाचे, एवढेच काम. हवा १२ इंच होती तेव्हा तिच्यावरचा एकूण दाब पाऱ्याच्या २९ १/८ इंचांइतका होता. ती ६ इंचांवर आली तेव्हा तो ५८ १३/१६ भरला. जागा निम्मी, दाब दुप्पट! १६६२ साली त्याने हे कोष्टक छापले, आणि ही कल्पना रिचर्ड टाउनलीची, हेही मोकळेपणाने सांगून टाकले.

आज हाच प्रयोग आपल्या मुलांना घरी करता येतो. पाऱ्याची गरज नाही. तो विषारी आहे, त्यापासून दूरच राहावे. औषधाच्या दुकानातून २० मिलिलिटरची सिरिंज आणावी, सुई नको. दट्ट्या २० च्या खुणेवर ठेवून तिचे तोंड घट्ट बंद करावे, ती लाकडी ठोकळ्यात उभी बसवावी आणि दट्ट्यावर एकेक किलोची वजने ठेवीत जावे.

समजा, दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आहे. हिशेबाप्रमाणे १ किलोला हवा १४.९ वर येते, २ किलोला ११.८ वर, ३ किलोला ९.८ वर. मुलगा वजन आणि आकारमान यांचा गुणाकार करतो, तो १४.९, २३.६, २९.४ असा वाढतच जातो. "बाबा, बॉइल चुकला!" असे तो म्हणाला तर नवल नाही.

बॉइल चुकलेला नसतो. एक वजन मोजावयाचे राहिलेले असते. दट्ट्यावर मुलाने काही ठेवण्याआधीच वातावरण बसलेले आहे! पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीहून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच. पुस्तकात वातावरणाचा दाब ७६ सेंटिमीटर पारा असा दिलेला असतो, तो मुंबईच्या किनाऱ्यावर ठीक. आपल्याकडे तो ७१ च्या आसपास असतो. म्हणजे आपल्या दट्ट्यावर सुमारे २.९ किलोचा भार आधीपासूनच आहे. तो मिळवा: ३.९ गुणिले १४.९, ४.९ गुणिले ११.८, ५.९ गुणिले ९.८. तिन्ही उत्तरे ५८ च्या आसपास!

हीच गंमत आपल्या रोजच्या व्यवहारात दडलेली आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली बजाजची स्कूटर कित्येक मराठी घरांत आली. तिच्या चाकात आपण 'तीस पौंड हवा' भरून घेतो. तो आकडा बाहेरच्या हवेहून जास्त असलेल्या दाबाचा असतो. आतला खरा दाब चव्वेचाळीसच्या घरात जातो. पंक्चर झालेल्या चाकाचा काटा शून्य दाखवतो, म्हणून आत हवाच नाही असे थोडेच आहे?

आणि भोसरीपासून चाकणपर्यंत ज्यांच्या घरचे कोणी कारखान्यात जाते, त्यांच्यासाठी हा हिशेब नुसता परीक्षेपुरता नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीवर काटा ७ किलो दाखवीत असेल, तर त्या टाकीत तिच्या आकारमानाच्या सुमारे आठपट मोकळी हवा कोंडलेली असते. टाकी फाटली तर ती सारी एका क्षणात बाहेर झेपावणार. म्हणूनच अशा टाकीची मजबुती तपासताना तीत पाणी भरून दाब देतात. पाणी फारसे आकसत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी ते उसळत नाही. गळते आणि दाब उतरतो. हवा मात्र संग्रामदुर्गाची आठवण करून देते.

प्रयोगाला दोन पथ्ये आहेत. दाबल्यावर हवा किंचित तापते, म्हणून आकडा घेण्याआधी थोडे थांबावे. तपमान तेच राहिले तरच हा नियम लागू पडतो. आणि रबरी दट्ट्या चिकटतो, म्हणून वजन ठेवल्यावर तो हलकेच फिरवावा.

एवढे करूनही उत्तरे थोडी इकडेतिकडे होतीलच. तेव्हा प्रयोगवहीत आकडे 'जुळवून' लिहिण्याचा मोह मुलांना पडतो, आणि पूर्ण गुणांच्या आशेने आपणही तिकडे काणाडोळा करतो. बॉइलने काय केले? हिशेबाने ५८ १/४ यावयास हवे होते, आले ५८ १३/१६. त्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले. साडेतीनशेहून अधिक वर्षे जग त्याचे नाव घेत आहे. उद्या टाकीवरचा काटा वाचणारा इंजिनिअर आज आपल्याच घरात वही लिहितो आहे. या सुटीत त्याला सिरिंज आणून द्या, आणि न जुळलेला आकडा खोडू देऊ नका.