चालत्या संगणकाची कार्यप्रणाली बदलताना

समजा वर्ध्याच्या एका शाळेने आपल्या ग्रंथालयाची सूची मुंबईतील एका आभासी सर्व्हरवर ठेवली आहे. आभासी म्हणजे काय? तेथे यंत्र एकच असते. परंतु एक नियंत्रक आज्ञावली त्याची स्मृती व डिस्क वाटून देऊन अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा भास निर्माण करते. वर्धा ते मुंबई रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर. तेवढ्या लांबीच्या काचतंतूतून प्रकाश चार मिलिसेकंदांच्या आतच जातो, म्हणून यंत्र शेजारच्या खोलीत असल्यासारखे वाटते. बिघाड झाला की मात्र अंतर जाणवते!

या सर्व्हरवर उबुंटू लिनक्सची १८.०४ ही आवृत्ती आहे असे धरू. २०१८ सालच्या या आवृत्तीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मे २०२३ मध्ये थांबल्या. तेव्हा ती बदलणे आले. पुढची पायरी २०.०४, ती गाळून एकदम २२.०४ वर उडी घेता येत नाही.

पण संगणक चालू असताना त्याच्याच फायली बदलायच्या कशा? लिनक्समध्ये फाईलचे नाव आणि तिचा मजकूर या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथालयात सूचीतील कार्ड बदलून नव्या आवृत्तीकडे वळवले, तरी टेबलाशी बसलेला वाचक हातातील जुनी प्रत वाचतच राहतो. तसेच येथे होते. नाव नव्या मजकुराकडे वळते; चालू आज्ञावली जुनाच मजकूर वापरते आणि तिने तो सोडल्यावरच तो पुसला जातो. कार्यप्रणालीचा गाभा तर यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच बदलतो. मध्येच दूरसंपर्क तुटला तर? उबुंटूची बदल करणारी आज्ञावली अशा वेळेसाठी १०२२ क्रमांकाचे आणखी एक दार उघडून ठेवते.

येथवर सारे सुरळीत झाले, तरी खरी गंमत पुढेच आहे. गंमत कसली, घोटाळाच म्हणा. यंत्र सुरू होते, पान दिसते, आणि कपाटात असलेले पुस्तक 'नाही' असे उत्तर येते.

याचे कारण अक्षरक्रमात आहे. पोस्टग्रेससारखी माहिती-संग्रहाची आज्ञावली नोंदींची अनुक्रमणिका क्रमाने लावून ठेवते. आपण शब्दकोशात पुढे-मागे पाने उलटतो, तशीच ती शोध घेते. आधी काय, नंतर काय, हे ती बहुधा कार्यप्रणालीच्या 'जी-लिब-सी' या भागाला विचारते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या २.२८ आवृत्तीत हे क्रमाचे नियम बदलले. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१. इंग्रजी अंकांत लिहिलेले '१-१' आणि '११' हे दाखल क्रमांक घ्या. अमेरिकन इंग्रजीचा क्रम निवडला असेल, तर पूर्वी '११' आधी येई, आता '१-१' आधी येतो. अनुक्रमणिका जुन्या क्रमाने लावलेली आणि शोध नव्या नियमाने! शोध चुकीच्या फांदीवर वळतो. एवढेच नव्हे, एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांना दिला गेला तरी यंत्र अडवत नाही.

उपाय सोपा आहे: अनुक्रमणिका नव्याने बांधावी, आणि तीही सर्व्हर वाचकांना खुला करण्यापूर्वी. सर्व्हर आभासी असल्याचा येथे मोठा फायदा होतो. त्याच्या डिस्कची नक्कल घेऊन दुसरा तसाच सर्व्हर उभा करता येतो. सगळा प्रयोग आधी त्या नकलेवर करावा आणि आडव्या रेघेचे दहा-वीस दाखल क्रमांक शोधून कपाटातील पुस्तकांशी ताडून पाहावेत.