मासायुकी सुओ यांचे पदार्पण : पिंक चित्रपटाची चौकट आणि ओझूंचे व्याकरण

प्रस्तावना :
यासुजिरो ओझू (१९०३–१९६३) हे जपानी कौटुंबिक चित्रपटाचे सर्वाधिक संयत दिग्दर्शक मानले जातात. त्यांच्या शैलीला वाहिलेली एक लक्षणीय आदरांजली मात्र ‘पिंक चित्रपट’ या अल्पखर्ची शृंगारिक प्रकारातून १९८४ साली आली. ‘हेन्ताई काझोकू : आनिकी नो योमेसान’ (विकृत कुटुंब : थोरल्या भावाची वधू) हा मासायुकी सुओ यांचा पहिलाच चित्रपट होय. बाजारपेठेची सक्ती आणि कलावंताचे स्वातंत्र्य यांचा संबंध या चित्रपटाच्या आधारे तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

पिंक चित्रपटाची व्यवस्था :
सातोरू कोबायाशी यांच्या १९६२ सालच्या ‘निकुताई नो इचिबा’पासून या प्रकाराचा आरंभ मानला जातो. सुमारे एक तासाची लांबी, जेमतेम आठवडाभराचे चित्रीकरण, साधारणतः ३० लाख येनांच्या आसपासचा खर्च आणि ठरावीक अंतराने येणारे शृंगारिक प्रसंग, अशी त्याची चौकट होती. या अटी पाळल्या की उर्वरित कथा व मांडणी यांत निर्माते फारसा हस्तक्षेप करीत नसत. मोठ्या स्टुडिओंतील उमेदवारीची जुनी पद्धत १९७० नंतर मोडकळीस आली होती. अशा काळात नवोदितांसाठी हे क्षेत्र म्हणजे एक प्रशिक्षणशाळाच ठरले. ‘ओकुरिबितो’ या चित्रपटासाठी २००९ साली ऑस्कर पारितोषिक मिळवणारे योजिरो ताकिता हेही याच शाळेतून आले.

वर्गखोलीचा संस्कार :
सुओ यांचा जन्म १९५६ सालचा. तोक्यो येथील रिक्क्यो विद्यापीठात शिकत असताना शिगेहिको हासुमी यांच्या चित्रपटविषयक व्याख्यानांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. चित्रपटाचा आशय शोधण्याआधी पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसते ते पाहावे, असा हासुमी यांचा आग्रह होता. त्यांचा ओझूंवरील ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कियोशी कुरोसावा यांचा पहिला पिंक चित्रपट आला. त्यात सुओ सहायक दिग्दर्शक होते. पुढच्याच वर्षी वर्गातील पाठाचे रूपांतर त्यांनी स्वतःच्या चित्रपटात केले.

अभिधा आणि व्यंजना :
चटईवर बसलेल्या माणसाच्या दृष्टिरेषेहूनही खाली ठेवलेला कॅमेरा, स्थिर चौकटी, कॅमेऱ्याकडे जवळजवळ समोरून पाहत बोलणारी पात्रे आणि दोन प्रसंगांमध्ये येणारी निर्मनुष्य दृश्ये, ही ओझूंची ओळखचिन्हे सुओ यांनी काटेकोरपणे उचलली. ओझूंच्या चित्रपटांत चिशू र्‍यू यांनी साकारलेला मितभाषी पिता येथे रेन ओसुगी यांनी उभा केला. त्या वेळी ओसुगी अवघ्या तिशीत होते.

तथापि हे केवळ अनुकरण नव्हे. ओझूंचा ‘बान्शुन’ (१९४९) हा मुलीच्या विवाहाभोवती फिरतो. परंतु त्यात विवाहसोहळा दिसत नाही आणि वरही पडद्यावर येत नाही. विवाहाचा अर्थ उमगतो तो पित्याच्या एकाकीपणातून. सुओ यांचा चित्रपट विवाह झाल्यानंतर सुरू होतो. नवदाम्पत्याची खोली वरच्या मजल्यावर, तर खाली वडील व भावंडे बसलेली. ओझूंनी जे व्यंजनेवर सोपवले होते, ते अभिधेने सांगणे पिंक चित्रपटाच्या नियमानुसार सुओंना भाग होते. या सक्तीलाच त्यांनी भाष्याचे रूप दिले. घराच्या शांत चौकटीत वासना शिरताच हास्य निर्माण होते. शिवाय ती शांतता किती गोष्टी वगळून उभी राहिली होती, हेही ध्यानात येते.

मर्यादा :
या स्वातंत्र्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न टाळता येत नाही. दिग्दर्शकाला शैलीचे स्वातंत्र्य देणारी ही व्यवस्था स्त्रीदेहाच्या प्रदर्शनावरच उभी होती. दिग्दर्शकांपैकी काहींना पुढे मुख्य प्रवाहाची दारे उघडली. अभिनेत्रींना मात्र तशी संधी क्वचितच लाभली. केवळ सौंदर्यदृष्टीने केलेले मूल्यमापन म्हणूनच अपुरे ठरते.

निष्कर्ष :
सुओ यांनी पुन्हा पिंक चित्रपट दिग्दर्शित केला नाही. ‘फॅन्सी डान्स’ (१९८९) व ‘शॅल वुई डान्स?’ (१९९६) या चित्रपटांनी त्यांना कीर्ती दिली. त्यांपैकी दुसऱ्याची हॉलिवूड आवृत्ती २००४ साली निघाली. नियमांनी बांधलेल्या जगात अवघडलेला माणूस हा त्यांचा पुढील विषय पदार्पणातच बीजरूपाने आढळतो. अभिरुचीच्या कारणास्तव असे चित्रपट अभ्यासकक्षेबाहेर ठेवले, तर परंपरा कोणत्या अनपेक्षित वाटांनी पुढे जाते, हे विद्यार्थ्यांना कळणार नाही. मात्र त्यांचा अभ्यास करताना शैलीच्या गौरवाबरोबर तिच्या सामाजिक मोलाचा हिशेबही मांडला पाहिजे.