लाल रंग साठाव्या ओळीवरच का थांबला?

आजचा भाग छोटा आहे, पण शीट सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा. ऐकताना स्टेप्स निसटतात, म्हणून सगळं इथे लिहूनही देतोय.

माझा मावसभाऊ वाळूज एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे. १९८५ मध्ये बजाजचा प्लांट वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला अशा कितीतरी व्हेंडर कंपन्या उभ्या राहिल्या. तिथे व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज यांचं ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन करावं लागतं. भावाने त्याची एक्सेल शीट केलेली. डी कॉलममध्ये मुदतीची तारीख, आणि मुदत संपली की ओळ लाल.

ऑडिटच्या दिवशी ऑडिटरने एक हाइट गेज उचललं. मुदत संपून तीन आठवडे झालेले! शीटमध्ये तारीख बरोबर होती, फक्त ओळ लाल नव्हती. भाऊ म्हणाला, "रंगच नव्हता रे, मग मी कशाला बघू?" आणि नुसतं गेज पाठवून भागत नाही. मधल्या काळात त्याने मोजलेला माल बरोबर होता का, तेही तपासावं लागतं.

रात्री त्याने फाइल पाठवली. नियम दुसऱ्या ओळीपासून साठाव्या ओळीपर्यंतच लागू होता. गेजेस झाली होती चौऱ्याहत्तर. म्हणजे शेवटच्या पंधरा ओळींवर कुणाचंच लक्ष नव्हतं.

आता उपाय. हे काम मोबाईलवर नको, लॅपटॉपवर करा.

एक: यादीत कुठेही क्लिक करून कंट्रोल टी दाबा. यादीचं 'टेबल' होतं. ही सोय एक्सेल २००७ पासून आहे. टेबलच्या लगेच खालच्या ओळीत काही टाइप केलं, किंवा शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबला, की टेबल स्वतःच वाढतं.

दोन: इथेच बरेच जण फसतात. टेबल केल्याने जुना नियम आपोआप दुरुस्त होत नाही. होम, कंडिशनल फॉर्मॅटिंग, मॅनेज रूल्स उघडा. वर 'धिस वर्कशीट' निवडा. 'अप्लाइज टू' मध्ये टेबलच्या पहिल्या डेटा ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतची पूर्ण रेंज द्या. नियम पूर्ण टेबलवर असेल, तर नवीन ओळीसोबत तोही खाली सरकतो.

तीन: फॉर्म्युला. बोलून सांगतो. इक्वल टू अँड, कंसात दोन अटी: डॉलर डी दोन रिकामं नाही, आणि डॉलर डी दोन हे टुडेपेक्षा कमी. डॉलर फक्त डीच्या आधी. दोनच्या आधी लावला तर सगळ्या ओळी एकाच तारखेकडे बघत बसतील. पहिली अट का? रिकामा सेल एक्सेलला शून्य वाटतो, म्हणून तारीख नसलेल्या ओळीही लाल होतात. आणि टेबलच्या कॉलमचं नाव या फॉर्म्युल्यात थेट चालत नाही, सेलचा पत्ताच द्या.

चार: दुसरीकडून ओळी आणताना साधं पेस्ट करू नका, 'पेस्ट व्हॅल्यूज' करा. साध्या पेस्टने नियमाचे तुकडे होतात आणि मॅनेज रूल्समध्ये एकाच नियमाच्या पाच-सहा प्रती दिसायला लागतात. तसं दिसलं तर एक ठेवा, बाकीच्या उडवा.

एक छुपा शत्रू अजून आहे. तारीख मध्ये टिंब देऊन लिहिली, तर एक्सेल ती बहुतेक वेळा मजकूर समजतं. मजकूर त्याच्या हिशोबाने कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा, म्हणून ती ओळ जन्मात लाल होणार नाही.

सगळं झालं की परीक्षा घ्या. सगळ्यात खाली एक खोटी ओळ टाका, तारीख कालची द्या. लाल झाली? मग ओळ काढून टाका. नाही झाली, तर स्टेप दोनवर परत या.

भाऊ आता दर सोमवारी सकाळी हेच करतो. शीटमध्ये रंग दिसला नाही, की सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो. पण तो रंग तिथपर्यंत पोहोचतो का, हे आधी बघायला हवं. तुमच्या शीटची शेवटची ओळ आजच तपासा. भेटू पुढच्या भागात!