झडपांचे वेळापत्रक

शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्टेशनाबाहेर एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार तुम्ही पाहिली आहे काय? वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही मोटार तयार होई. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची ती भारतीय आवृत्ती. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तरीही काही हौशी लोकांनी आपल्या पद्मिनी अजून चालत्या ठेवल्या आहेत.

समजा, अशी एक मोटार चढावर दमू लागली. मेकॅनिकने इंजिनावरचे झाकण काढून पाहिले, तर एक झडप इतरांपेक्षा कमी उघडते आहे. त्याने निदान केले, 'कॅमशाफ्ट झिजला, बदलावा लागेल.' मालकाचा एक मित्र म्हणाला, 'बदलायचाच आहे तर शर्यतीच्या गाडीसारखा घाला, ताकद वाढेल!' दुसरा म्हणाला, 'मूळ मापाचाच घ्या.' मालकाने कोणाचे ऐकावे? चुकीची निवड झाली तर पैसे तर जातीलच, पण कदाचित इंजिनही जाईल. थोडे गणित करून आपणच याचे उत्तर शोधू.

पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर. त्यात दट्ट्या म्हणजे पिस्टन ७५ मिलिमीटर वरखाली होतो. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा. चारही सिलिंडर मिळून सुमारे १०८९ घन सेंटिमीटर हे उत्तर येते की नाही पाहा. इंजिनाचा श्वास एवढाच. पण हा श्वास पुरता भरतो की अर्धाच राहतो, हे झडपा केव्हा उघडतात व केव्हा मिटतात यावर ठरते.

हे वेळापत्रक कॅमशाफ्टवर कोरलेले असते. कॅमशाफ्ट म्हणजे एका बाजूला फुगीर असलेल्या चकत्यांचा, म्हणजेच कॅमचा, दांडा. कॅमचा फुगवटा वर आला की टॅपेट उचलला जातो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला हलवतो आणि रॉकर झडप दाबून उघडतो. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते, कारण ओढ, दाब, स्फोट व उत्सर्ग हे चार टप्पे पुरे व्हायला दोन फेऱ्या लागतात.

आता वेळ मोजू. मिनिटाला ३,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०. दट्ट्या वरून खाली यायला अर्धी फेरी लागते, म्हणजे एका सेकंदाचा शंभरावा भाग! ६,००० फेऱ्यांना तर दोनशेवा भाग. एवढ्या वेळात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत यायचे असते. हवेलाही जडत्व असते. वेगाने आत शिरणारी हवा दट्ट्या तळाशी पोचल्यावरही आत येतच राहते. म्हणून झडप थोडी उशिरा मिटवतात. शर्यतीच्या कॅममध्ये हा उशीर बराच जास्त असतो. त्यामुळे भरधाव इंजिनाला फायदा होतो.

पण इंजिन सावकाश फिरत असेल तर? हवेचा जोर कमी, दट्ट्या वर येऊ लागलेला आणि झडप अजून उघडीच! मग आत आलेले मिश्रण पुन्हा बाहेर ढकलले जाते. शिवाय अशा कॅममध्ये आत घेणारी व बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा बराच वेळ एकदम उघड्या राहतात. जळका वायू नव्या मिश्रणात मिसळतो. मोटार उभी असताना इंजिन धडधडते, वरचेवर बंद पडते.

आपली मोटार कोणत्या वेगाने धावते? समजा, शेवटच्या गिअरमध्ये इंजिनाच्या चार फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते आणि चाकाचा परीघ १.८ मीटर आहे. मग २,००० फेऱ्यांना ताशी ५४ किलोमीटर वेग येतो. शिरूरहून न्हावरे, चौफुल्यावरून दौंडला निघालात आणि उसाचे ट्रॅक्टर पुढे लागले, तर यापेक्षा जास्त वेग मिळणार कोठे? ६,००० फेऱ्यांसाठी कोरलेले वेळापत्रक येथे काय कामाचे?

दौंड जंक्शनवर वाफेची इंजिने येत, तेव्हा ड्रायव्हरच्या हाती यावर एक तोड होती. गाडी सुटताना तो एक दांडा अशा ठिकाणी ठेवी की दट्ट्याच्या बहुतेक प्रवासभर वाफ आत येई. वेग वाढला की दांडा मागे घेऊन तो वाफ लवकर तोडी. पद्मिनीच्या चालकाला ही सोय नाही. तिचे वेळापत्रक पोलादी अक्षरासारखे कायमचे. अल्फा रोमिओ कंपनीने १९८० साली चालू इंजिनात झडपांची वेळ बदलणारी मोटार विक्रीस आणली. आज ही सोय अनेक मोटारींत असते.

तेव्हा मूळ मापाचा कॅमशाफ्ट घ्या, हेच उत्तर बरोबर. तो न मिळाल्यास जुनाच घासून घेता येतो. समजा, कॅमचा पाया ३० मिलिमीटर व्यासाचा आणि फुगवट्यासह उंची ३६ होती. म्हणजे उचल ६. झिजून उंची ३५ झाली, तर उचल ५ उरली. पाया घासून त्याचा व्यास २८ केला की उंचीही ३४ होते आणि उचल पुन्हा ६. मात्र पृष्ठभागाचा कठीण थर घासून गेला, तर कॅम लवकरच पुन्हा झिजेल. म्हणून काठिण्य तपासून घ्यावे. टॅपेटही नवे हवेत, कारण जुने टॅपेट जुन्या कॅमप्रमाणे झिजलेले असतात. उचल वाढवणारा कॅम घातला, तर उघडी झडप दट्ट्यावर आदळू शकते. म्हणून जाणते कारागीर दट्ट्यावर मऊ मातीचा थर ठेवून इंजिन आधी हाताने फिरवतात आणि मातीवर उठलेला ठसा मोजतात.

करून पाहा : जाड पुठ्ठ्यावर ३ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. केंद्रापासून ५ सेंटिमीटरवर एक बिंदू घेऊन त्यातून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढा. प्रत्येक स्पर्शिका ४ सेंटिमीटर का भरते, हे पायथागोरसला विचारा! आकार कापून केंद्रात टाचणी टोचून तो उभ्या फळीवर बसवा. टाचणीच्या बरोबर वर पेन्सिलीचे टोक कॅमवर टेकवा. दर १५ अंशांना टोकाची उंची नोंदवा आणि आलेख काढा. पेन्सिल सुमारे १०६ अंश उचललेली राहील, म्हणजे इंजिनाचे २१२ अंश.

आता दुसरा कॅम करा. बिंदूऐवजी ५ सेंटिमीटर त्रिज्येचा ३० अंशांचा कंस घ्या आणि त्याच्या दोन टोकांतून स्पर्शिका काढा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून पाहा. उंची दोघांची सारखीच, मग फरक कोठे पडला? शिरूर–दौंड रस्त्यासाठी यांतला कोणता कॅम घ्याल?