चिखलदऱ्याला गेलात, पण गाविलगड पाहिलात का?

देवाने वऱ्हाडाला काळी कसदार जमीन दिली, कापूस दिला, संत्री दिली. फक्त समुद्र द्यायचा तेवढा राहून गेला. त्यामुळे मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीत अलिबाग-मुरूडच्या वाळूत पाय बुडवून बसतात, तेव्हा अमरावती-अकोल्याची मंडळी फराळाचे डबे आणि स्वेटर बांधून परतवाड्याची वाट धरतात. परतवाडा मागे पडले की घाट लागतो, सागाचे जंगल सुरू होते आणि सुमारे साडेतीन हजार फुटांवर चिखलदरा येतो. आमचा समुद्रकिनारा तो हाच!

इथला कार्यक्रम ठरलेला असतो. देवी पॉइंट पाहायचा, पंचबोल पॉइंटवर मुलांनी आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी मोजायचे, भीमकुंडाच्या कड्यावरून खाली डोकवायचे, फोटो काढायचे आणि गरम भज्यांवर ताव मारून परतायचे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा झाला, ही कथाही प्रत्येकाला कोणीतरी ऐकवतेच. मराठीच्या प्राध्यापकाला ‘चिखल’ आणि ‘दरा’ हे दोन सरळ शब्द त्यात दिसतात, हा भाग वेगळा. लोकांना भीम हवा असतो, आणि तो नाकारावा असे मलाही वाटत नाही.

पण भीमाची कथा सांगणारे गाव दोन किलोमीटरवरच्या गाविलगडाविषयी फारसे बोलत नाही. “किल्ला पाह्यचा असन तर दोन-तीन घंटे लागतीन, सायेब,” असे चहावाल्याने सांगताच आमच्या सौभाग्यवतींनी घड्याळाकडे पाहिले. “अहो, तिथे पडक्या भिंतींशिवाय आहे तरी काय?” हा त्यांचा प्रश्न. तो अनेक घरांत विचारला जात असेल, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

या डोंगरावर पूर्वी गवळ्यांची गढी होती. त्यावरून गाविलगड हे नाव पडले, असे मानतात. दगडी किल्ला बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५च्या सुमारास बांधवला. पुढे फतेहउल्ला इमादुल्मुल्क वऱ्हाडचा सुभेदार झाला. हा मूळचा विजयनगरकडील हिंदू कुळातला मुलगा. लढाईत बहामनींच्या हाती सापडला आणि पराक्रमाने वर चढला. १४९०मध्ये त्याने एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, आपली इमादशाही स्थापली. अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याचा देखणा महाकाली दरवाजा त्याच्याच काळातला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यापाशी उभे राहून वर पाहा: सिंह आणि हत्ती यांच्या जोडीला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला दिसेल. हे चिन्ह कर्नाटकाकडचे. ते इथे कसे आले, याचे उत्तर फतेहउल्लाच्या जन्मकथेत असावे, असे मला वाटते.

पुढे निजामशाही आली, मोगल आले आणि अखेरीस किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मग उजाडले १८०३ साल. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी शिंद्यांबरोबर इंग्रजांशी युद्ध मांडले. २३ सप्टेंबरला असईला पराभव झाला. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातील आडगावच्या मैदानात पुन्हा हार झाली. तिथून निसटलेले शिपाई गाविलगडाच्या आश्रयाला आले.

किल्ला दक्षिणेकडून, म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीकडून, घेणे जवळजवळ अशक्य. कडा तिथे सरळ तुटलेला आहे. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनने जंगलातून वाट काढीत जड तोफा उत्तरेच्या अंगाला, लबाडा गावाजवळ ओढत नेल्या. जनरल वेलस्ली दक्षिणेकडे तळ देऊन राहिला. तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. पण आतला किल्ला पुढे खडा होताच. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने मधली घळ ओलांडली, शिड्या लावून तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. राजपूत किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा एवढे त्यांच्याकडे राहिले, तेही १८२२मध्ये सुटले. आणि १८२३मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याची थंड हवा हेरली, असे सांगतात. या दोन सालांत अंतर एका वर्षाचे! किल्ला हातचा गेला, आणि मग साहेबांसाठी हवेचे ठिकाण झाले. पुढे बंगले उठले, कॉफीची झाडे लागली. आपण ज्या हवेसाठी तिथे जातो, ती अशी वऱ्हाडच्या पराभवातून खुली झाली आहे. १८५८मध्ये, तात्या टोपे किल्ल्याचा आश्रय घेईल या धास्तीने, इंग्रजांनी तटबंदी पाडून टाकली. सौभाग्यवतींच्या ‘पडक्या भिंती’ आहेत त्या याच.

वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याने १८१५मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवले, हे आपली मुले घोकून पाठ करतात. त्याच माणसाची आपल्या अंगणातली लढाई मात्र त्यांना ठाऊक नसते. शिवाय ही लढाई आपल्याला कळते ती मुख्यतः जिंकणाऱ्यांच्या लिखाणातून. तटावर पडलेल्या शिपायांची नावे त्यात कशी असणार? या डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कोरकू लोकांचाही त्यात पत्ता नसतो. त्यांची बोली मुंडा कुळातली, म्हणजे दूर झारखंडमधील संथाळीची बहीण. मराठीच्या अंगणात राहून तिने आपले वेगळेपण जपले आहे. बाजाराच्या दिवशी ती कानांवर पडली, तर क्षणभर थांबून ऐकावी.

तेव्हा या सुट्टीत चिखलदऱ्याला जाणार असाल, तर एक सकाळ गाविलगडासाठी राखून ठेवा. किल्ला मेळघाटच्या राखीव जंगलात मोडतो. वनखात्याचे नियम पाळून उजेडातच जा, पाणी बरोबर घ्या. भीमाची कथा मुलांना जरूर सांगा. पण दिल्ली दरवाज्यापाशी जरा टेकलात, की बेनीसिंहाचीही सांगा.