मागच्या रांगेतली नोकरी

जिनिव्हातल्या तळ्याकाठी पॅले विल्सन नावाची एक भारदस्त इमारत आहे. 1870च्या दशकात ती हॉटेल म्हणून बांधली गेली. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचं कार्यालय तिथे थाटलं गेलं आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव तिला मिळालं. पुढे तिथे संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आलं आणि बालहक्क समितीच्या बैठका तिथे भरत आल्या आहेत. ही समिती ज्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवते तो बालहक्क करार 196 पक्षांनी स्वीकारला आहे. बाहेर राहिली ती एकटी अमेरिका. तिने 1995 मध्ये सही केली, पण तो करार मंजुरीसाठी सिनेटपुढे कधी ठेवलाच नाही. नवीन सहकारी आले की इमारतीच्या दारात उभं राहून मी त्यांना ही गोष्ट हमखास सांगते.

आतल्या सभागृहात माझी जागा मागच्या रांगेत. पुढे समितीचे 18 सदस्य, त्यांच्यासमोर एखाद्या देशाचं शिष्टमंडळ: सचिव, पोलीस अधिकारी, आरोग्य खात्यातलं कोणीतरी, कायदे खात्यातलं कोणीतरी. सदस्य प्रश्न विचारतात, शिष्टमंडळ उत्तरं देतं. दोन दिवसांत मिळून सुमारे सहा तास. मी एका आंतरराष्ट्रीय बालहक्क संस्थेत चाइल्ड राइट्स अ‍ॅडव्होकसी स्पेशालिस्ट आहे. नाव मोठं असलं तरी त्या सहा तासांत मला तोंड उघडायची परवानगी नसते. माझं काम तोवर संपलेलं असतं. ते कुठे आणि कसं संपतं, ते सांगते.

करार 20 नोव्हेंबर 1989 रोजी संमत झाला. त्यात 54 कलमं आहेत. जो देश तो स्वीकारतो त्याने दोन वर्षांत पहिला आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी एक अहवाल समितीला द्यायचा असतो. सरकारी अहवाल कसा असतो हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. योजना किती, तरतूद किती, लाभार्थी किती, सगळं काही वाढतंच असतं. म्हणून करारातल्या 45व्या कलमाचा आधार घेऊन बिनसरकारी संस्था स्वतःचा पर्यायी अहवाल देतात. त्याला दहा हजार शब्दांची मर्यादा आहे. भारतासारख्या देशातल्या मुलांचं सगळं म्हणणं दहा हजार शब्दांत बसवायचं, तर मसुद्याच्या बैठकीत कोणाकोणाला नाराज करावं लागतं याची कल्पना करा. आदिवासी आश्रमशाळांवर काम करणारे, अपंग मुलांच्या संस्था, बालविवाह थांबवणारे, रेल्वे फलाटांवरच्या मुलांसोबत राहणारे, प्रत्येकाला आपला मुद्दा पहिल्या पानावर हवा असतो. आणि प्रत्येकाचं बरोबर असतं. एका परिच्छेदातून बालविवाहाचं एक वाक्य कमी केलं म्हणून माझ्याशी वर्षभर न बोललेल्या एक ज्येष्ठ ताई आहेत. आता बोलतात, पण मसुदा हातात घेऊनच.

मी बीड जिल्ह्यातली. आमच्या शाळेत दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कारखान्याच्या गाडीत बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुलं कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायची, पाणी भरायची, वाढे गोळा करायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत आली की शाळेत बाकावर बसायची, पण पुस्तक पुढे निघून गेलेलं असायचं. पुढे मी याच मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या साखरशाळा पाहिल्या, हंगामी वसतिगृहं पाहिली, म्हणजे आईबाप फडावर गेले तरी मुलं गावातच आजी-आजोबांकडे राहतात आणि जेवणाची सोय होते ती योजना. यातलं काय चालतं आणि काय फक्त हजेरीपटावर चालतं, हेही कळत गेलं.

आता ही गोष्ट समितीपर्यंत न्यायची आहे. सदस्य कोण असतात? कोणी न्यायाधीश, कोणी बालरोगतज्ज्ञ, कोणी प्राध्यापक. चार वर्षांसाठी निवडून येतात, या कामाचं त्यांना वेतन मिळत नाही. एका सत्रात अनेक देश आणि प्रत्येक देशाचे शेकडो पानांचे कागद. ज्या बाई आपल्या देशाची फाइल सांभाळतात, त्यांनी कोयता हा शब्द कधी ऐकलेला नसतो. त्यांना मी कोपीतल्या मुलीची करुण कहाणी सांगत बसले तर त्या कळवळतील, मान हलवतील आणि पुढचा कागद उघडतील. त्यांना हवा असतो सभागृहात विचारता येईल असा प्रश्न. मग मी लिहून देते: हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या सहा ते चौदा वर्षांच्या किती मुलांची नोंद कामाच्या ठिकाणच्या शाळेत होते, आणि ही आकडेवारी कोणतं खातं ठेवतं? प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. पहिल्याला शिष्टमंडळ योजनांची नावं सांगून उत्तर देऊ शकतं. दुसऱ्याला खात्याचं नाव तरी सांगावं लागतं किंवा कोणतंच खातं ठेवत नाही हे कबूल करावं लागतं. कार्यवाही इंटरनेटवर थेट दिसते. ती कबुली उद्या पत्रकाराला, वकिलाला, विधानसभेत प्रश्न विचारणाऱ्या आमदाराला वापरता येते.

हा प्रश्न समितीच्या हातात पडतो तो सरकार येण्याच्या काही महिने आधी, पूर्वसत्रात. ती बैठक बंद दाराआड होते. सरकारचं कोणी नाही, पत्रकार नाहीत. काही देशांतून आलेल्या कार्यकर्त्यांना परत गेल्यावर त्रास होतो, म्हणून ही काळजी. त्या बैठकीनंतर समिती सरकारला लेखी प्रश्नावली पाठवते. त्यात आपला मुद्दा आला तर निम्मी लढाई झाली. नाही आला तर पुढची पाच वर्षं, प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून जास्त, तो बाहेरच राहतो. म्हणून माझ्या वर्षाची आखणी सण-सुट्ट्यांवरून होत नाही, जानेवारी, मे आणि सप्टेंबर या तीन सत्रांवरून होते. माझ्या भाच्याचं लग्न नेमकं मे महिन्यात निघालं. पुढचं घरच्यांना विचारा.

सभागृहातला तो सहा तासांचा संवाद संपल्यावर समिती शिफारशी प्रसिद्ध करते. मोघम शिफारस निरुपयोगी असते. मुलांच्या परिस्थितीकडे लक्ष द्यावं, असं लिहिलं की सरकार पुढच्या वेळी लिहितं, लक्ष दिलं. अमुक कायद्याचं अमुक कलम बदलावं, असं लिहिलं की पळवाट अरुंद होते. पण समितीकडे पोलीस नाहीत, दंड नाही. मग तिच्या म्हणण्याला अर्थ काय, असा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर कोणीतरी विचारतंच.

उत्तर म्हणून मी आपलंच उदाहरण देते. भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी करार स्वीकारला, तेव्हा बालमजुरीच्या 32व्या कलमाबाबत एक निवेदन जोडलं. सर्व क्षेत्रांत किमान वय लगेच लागू करणं व्यवहार्य नाही, ते टप्प्याटप्प्याने करू, असा त्याचा आशय. समितीने ते मागे घ्या असं सांगितलं, पुन्हा सांगितलं, 2014 मध्ये परत सांगितलं. 2016 मध्ये आपला कायदा बदलला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच व्यवसायांत कामाला ठेवण्यावर बंदी आली. जून 2017 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे किमान वयाचा आणि बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांचा असे दोन्ही करार मान्य केले. यात समितीचा वाटा किती? मोजता येणार नाही. न्यायालयं होती, शिक्षणहक्क कायदा होता, हजारो कार्यकर्ते होते, राजकारण होतं. देणगीदारांना पाठवायच्या अहवालात काही संस्था सगळं श्रेय बिनदिक्कत आपल्या खात्यावर टाकतात. मला ते वाचताना लाज वाटते.

शिवाय त्या कायद्यात शाळेच्या वेळेनंतर कौटुंबिक उद्योगात मदत करण्याची सूट राहिली. मुकादमाच्या उचलीवर, कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणाऱ्या कामाला कुटुंबाचा उद्योग कसं म्हणायचं? पण बापाच्या मागे मोळ्या बांधणाऱ्या पोराला मजूर म्हणायला फडावर कोणी तयार नसतं, बापही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगात 13.8 कोटी मुलं मजुरी करत होती आणि त्यांतली 61 टक्के शेतीत. ती कारखान्यातल्या मुलांसारखी धाड टाकून सापडत नाहीत.

चिकाटीचं फळ दिसलेलं उदाहरण हवं असेल तर मी स्कॉटलंडचं देते. तिथे आठ वर्षांचं मूल कायद्याने गुन्हेगार ठरू शकत होतं. समिती ब्रिटनला 1995 पासून दर फेरीत हे वय वाढवायला सांगत होती. तिथल्या संस्थांनी ती शिफारस घेऊन आमदारांचे, वकिलांचे, पोलिसांचे उंबरे झिजवले. 2019 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून वय बारा केलं. गंमत अशी की त्याच वर्षी समितीने स्वतःचा दंडक वाढवून किमान चौदा केला. स्कॉटिश सहकारीण म्हणाली, दम तरी घेऊ द्या! इंग्लंडमध्ये आजही दहाच आहे. आणि आपल्याकडे? सात. 1860 च्या दंडसंहितेतली ही मर्यादा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तशीच आली. आपल्याकडे अठराखालच्या मुलांची प्रकरणं बालन्याय मंडळापुढे जातात, सात वर्षांचं पोर तुरुंगात जात नाही, हे खरं आहे. तरी संपूर्ण संहिता नव्याने लिहिताना हा आकडा बदलावासा कोणालाच का वाटला नाही, हे मला कळत नाही.

मुलांनी स्वतः बोलावं का? करारातलं 12वं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबतीत त्यांचं मत ऐकलं पाहिजे. हवामान आणि पर्यावरणावरची 26वी सर्वसाधारण टिप्पणी समितीने 2023 मध्ये काढली, तिच्यासाठी 121 देशांतल्या मुलांकडून 16,331 अभिप्राय आले. त्याआधी 2019 मध्ये सोळा मुलांनी समितीकडे थेट तक्रार केली होती. त्यांत ग्रेटा थुनबर्ग होती तशी हरिद्वारची रिद्धिमा पांडेही होती. तक्रार अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्की या पाच देशांविरुद्ध. भारताविरुद्ध करताच येत नव्हती, कारण तक्रारीची मुभा देणारा तिसरा पूरक करार आपण स्वीकारलेला नाही. 2021 मध्ये समितीने, आधी आपापल्या देशांतल्या न्यायालयांत जायला हवं होतं, असं म्हणून तक्रार दाखल करून घेतली नाही. पण त्याच निर्णयात, एका देशाच्या धुराने दुसऱ्या देशातल्या मुलाचं नुकसान झालं तर पहिल्या देशाची जबाबदारी असू शकते, हे मान्य केलं.

हे सगळं मला पटतं. पटत नाही ते मुलांना समारंभापुरतं आणणं. पाहुण्यांसोबत फोटो, दोन मिनिटांचं पाठ केलेलं भाषण, मग मोठ्यांची चर्चा आणि मुलांना चॉकलेट. अत्याचारातून गेलेल्या मुलाला तीच हकिकत परक्या लोकांसमोर पुन्हा सांगायला लावणं तर गुन्हाच समजावा. माझा नियम साधा आहे. मूल काय सांगणार ते मुलाने ठरवायचं, ऐन वेळी नाही म्हणालं तर नाही, आणि परत गावी गेल्यावर त्याच्यासोबत कोण असणार हे विमानाचं तिकीट काढण्याआधी कागदावर हवं.

या नोकरीत यायचं कसं, असं विचारणारे मेल मला मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांकडून येतात. कायदा, समाजकार्य, अर्थशास्त्र, काहीही चालतं. फ्रेंच किंवा स्पॅनिश आली तर उत्तम. पण दार सर्वांना सारखं उघडं नाही, हे मी लपवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नना पैसे मिळत नाहीत. युनिसेफ भत्ता देतं. जिनिव्हा हे जगातल्या महागड्या शहरांपैकी एक. 2015 मध्ये न्यूझीलंडचा एक तरुण इंटर्न तिथे तंबूत राहतो ही बातमी जगभर गाजली होती. त्याच्याकडे युरोपात फिरता येईल असा पासपोर्ट तरी होता. आपल्या मुलींना आधी व्हिसाच्या तारखेसाठी झगडावं लागतं. त्यामुळे मागच्या रांगेत गरीब देशांच्या मुलांसाठी काम करणारी श्रीमंत देशांची माणसंच जास्त दिसतात. त्यात 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत आखडली आणि संयुक्त राष्ट्रांची रोख टंचाई वाढली. ओळखीच्या कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. बीडच्या वसतिगृहातली नोकरी यापेक्षा पक्की होती, असं आई म्हणते.

भारताची पुढची फेरी येईल तेव्हासाठी मी एक पान तयार ठेवलं आहे. त्यावर दोन प्रश्न पक्के आहेत: सात वर्षांच्या मर्यादेचा आणि फडावरच्या मुलांच्या नोंदीचा. तिसऱ्याची जागा रिकामी आहे. तिच्यावरून आश्रमशाळावाले आणि त्या ताई यांचं भांडण चालू आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी ते ऐकते.